मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील आनंद : टिळकांची भजने आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धार्मिक कवितेचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झाला आहे. तिच्यावर असलेले संतकवितेचे, विशेषतः तुकोबांचे, ऋण हे एक अंग. आणि केशवसुतांच्या काळात घडत असलेल्या नव्या कवितेत 'फुलांमुलांच्या' या कवीचे स्थान कोणते, हे दुसरे. या दोन्ही विचारांत एक गोष्ट गृहीत धरली जाते आणि म्हणूनच ती तपासली जात नाही. ख्रिस्ताच्या ठायी आपल्याला जो आनंद लाभला तो आता ओसरणारा नाही, असे टिळक आपल्या भजनांतून पुनःपुन्हा सांगतात. श्रद्धावंत वाचक हे सांगणे मान्य करतो. इतर वाचक ते सौजन्याने बाजूला ठेवतो. समीक्षकाला यांपैकी कोणताच मार्ग मोकळा नाही. त्या आनंदाचे पारमार्थिक खरेखोटेपण ठरविणे हे त्याचे काम नव्हे. परंतु तो आनंद शब्दांतून प्रत्ययाला येतो, की केवळ त्याची घोषणा आपल्या कानांवर पडते, हे त्याला पाहावेच लागते.

या प्रश्नाची खरी अडचण 'टिकाऊ' या विशेषणात आहे. आनंद हा एका क्षणाचा असू शकतो आणि भावगीत तो क्षण उत्कटतेने पकडू शकते. टिकणे हा मात्र काळाचा गुण आहे. एखादी वस्तू टिकली असे म्हणण्यापूर्वी मध्ये काही वर्षे जावी लागतात, तिच्यावर काही आघात व्हावे लागतात. बारा ओळींच्या भजनाला 'हा आनंद अक्षय आहे' असे म्हणता येते. तो अक्षय असल्याचे दाखविता येत नाही. दाखविण्याचे सामर्थ्य कथनात आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात आनंदाचा सर्वांत विश्वसनीय आविष्कार टिळकांच्या भजनांत नसून लक्ष्मीबाईंच्या गद्यात आहे, असे जे प्रतिपादन मी येथे करणार आहे, त्याच्या मुळाशी हा साधा वाङ्मयप्रकारविषयक विचार आहे.

आनंद हा शब्द मराठीत कोऱ्या पाटीने आलेला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तैत्तिरीयोपनिषदात आनंदाची मीमांसा आहे. मनुष्याच्या आनंदापासून आरंभ करून शतगुणित पायऱ्यांनी ती ब्रह्मानंदापर्यंत चढत जाते. वेदान्ताने आनंदाला ब्रह्माचे स्वरूपच मानले. तो कोठून मिळवावयाचा नसतो. असतोच, आणि अज्ञानाचे पटल दूर झाले की प्रकटतो. दुःख हे त्या दृष्टीने अखेर भ्रमाच्या कोटीत जाते. वारकरी संतांनी या आनंदाला सगुण प्रेमाची जोड दिली, विरहाची तळमळ दिली. तरी 'स्वानंद', 'निजानंद' यांसारख्या शब्दांतून तो जुना अर्थ त्यांच्याही वाणीत वाहत राहिला.

नव्या करारातील आनंदाची घडण निराळी आहे. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला बंदिवासातून पत्र लिहिले. मोजून चार अध्यायांच्या या पत्राच्या मूळ ग्रीक पाठात आनंद आणि आनंद करणे या अर्थांचे शब्द सोळा वेळा येतात. लिहिणाऱ्याच्या हातांत बेड्या आहेत, निकाल मृत्यूचाही लागू शकतो, आणि आनंद मात्र त्या बेड्यांचा विसर पडल्यामुळे आलेला नाही. योहानकृत शुभवर्तमानातील निरोपाच्या भाषणात ख्रिस्त शिष्यांना सांगतो की त्यांचे दुःखच आनंदात पालटेल आणि तो आनंद त्यांच्यापासून कोणी काढून घेणार नाही. तेथे दिलेला दृष्टांत प्रसूत होणाऱ्या स्त्रीचा आहे. वेणा हा भ्रम नव्हे. वेणांतूनच मूल येते. म्हणजे हा आनंद स्वरूपभूत नाही, तो दुसऱ्या कोणाकडून मिळालेला आहे. एका घडलेल्या घटनेवर तो उभा आहे. आणि दुःखाला खोटे ठरवून नव्हे तर त्याला वाट करून देऊन तो टिकतो.

मराठी भाषांतरकारांनी या दोन्ही गोष्टींसाठी एकच शब्द वापरला, कारण दुसरा उपलब्ध नव्हता. पंडिता रमाबाईंना या अडचणीची जाण होती. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या विदुषीने मूळ भाषांवरून बायबलाचे जे भाषांतर मृत्यूपूर्वी पुरे केले आणि जे १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यात वेदान्ताचा वास असलेले संस्कृत शब्द टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना उमजेल अशी साधी मराठी योजण्याचा त्यांचा कटाक्ष होता. त्या भाषांतराला वाचकवर्ग फारसा लाभला नाही, हे खरे. पण त्यामागील शंका रास्त होती. शब्द उसना घेतला की त्याचा जुना घरोबाही बरोबर येतो.

या उसनवारीचा आरंभ फार जुना आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. त्यातील आनंद पुराणश्रवणाचा आहे: श्रोत्यांनी एकत्र बसावे, जन्मकथा ऐकावी, उत्सव करावा. साष्टीतील ज्या लोकांसाठी ही रचना झाली त्यांची देवळे काही दशकांपूर्वीच पाडली गेली होती आणि त्यांची जुनी पुराणे त्यांच्याकडून गेली होती, ही गोष्ट त्या उत्सवी सुरामागे ठेवूनच तो ऐकला पाहिजे. स्टीफन्स थोर कवी आहे. पण त्याच्या आनंदाला व्यक्तीचा चेहरा नाही, आणि पुराणाकडून तशी अपेक्षाही करू नये.

तो चेहरा टिळकांच्या कवितेत येतो. १८९३ साली राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, हा वृत्तान्त परिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी त्यांनी जे मिळविले त्याची किंमतही त्याच दिवशी चुकती झाली: पत्नी, मूल, आप्त, जात, सर्वच तुटले. यानंतरच्या दोन तपांत त्यांनी जी भजने आणि अभंग रचले त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेचे रूप पालटले. त्यांच्यापूर्वी कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. तरी देवळातील गाणे पुष्कळसे इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचे आणि परक्या चालींचे होते. 'उपासनासंगीता'त आजही टिळकांचा वाटा मोठा आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पूल हा शब्द नेमका आहे. परंतु पुलावरून जाताना मनुष्य अलीकडच्या काठावरचे सामानही पाठीवर घेऊन जातो.

टिळकांच्या अभंगांत दोन थर स्पष्ट दिसतात. एका थरात आनंद पहिल्याच चरणात जाहीर होतो. मीपण गेले, भेद मावळला, आता सर्वत्र तोच, अशा अर्थाची पदे एकामागून एक येतात. ही भाषा मिळाल्यानंतरची आहे, आणि ती तुकोबांच्या सिद्धावस्थेतील अभंगांवरून उचललेली आहे. तुकोबांच्या बाबतीत ती भाषा आपल्याला पटते, कारण तिच्या मागे १६३० च्या दुष्काळाने उद्ध्वस्त झालेला संसार आणि देवाशी केलेले शेकडो अभंगांचे भांडण उभे आहे. गाथा वाचणारा ती वाट स्वतः चालून आलेला असतो. टिळकांनीही वाट चालली होती, आणि ती काही कमी खडतर नव्हती. पण ती त्यांच्या चरित्रात राहिली, अभंगांत फारशी उतरली नाही. परिणामी या थरातील आनंद सोपा वाटतो. शिवाय त्यातून एक सूक्ष्म अर्थभेदही घडतो. भेद मावळल्याचा आनंद हा विलीन होण्याचा आनंद आहे; तेथे देणारा आणि घेणारा उरत नाहीत. नव्या करारातील आनंद मात्र देणारा समोर असेपर्यंतच आहे. ज्या भजनांत टिळक समरसतेच्या परिभाषेत अधिक रमतात, त्यांत क्रूस नकळत पुसट होतो. एखाद्या भजनातील ख्रिस्ताचे नाव काढून विठ्ठलाचे घातले तरी काही बिघडत नाही, अशी प्रशंसा कधी कधी ऐकू येते. वाङ्मयदृष्ट्या ती प्रशंसा नसून दोषदिग्दर्शन आहे.

दुसरा थर निराळा आहे, आणि टिळकांचे खरे यश तेथे आहे. ख्रिस्ताला ते गुरुमाउली म्हणून हाक मारतात आणि स्वतः हट्टी, रुसलेले, कधी लाजलेले मूल होतात. येथे संभाषण आहे, तक्रार आहे, उत्तर न मिळाल्याची खंत आहे. फुलांमुलांच्या कवीची मुलाच्या मनाची जाण या अभंगांना उपयोगी पडली आहे. मूल आईच्या कडेवर असताना रडते आणि रडतानाही सुरक्षित असते. तो आनंद शब्दांनी सांगावा लागत नाही, आविर्भावातून तो समजतो. अशी भजने संख्येने थोडी असली तरी मराठी भक्तिकवितेत त्यांची भर अस्सल आहे.

येथे एक गोष्ट नमूद न करणे अन्यायाचे होईल. भजन हे एकट्याने वाचावयाचे भावगीत नव्हे, ते समूहाने गावयाचे असते. अहमदनगर जिल्ह्यात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती; १८७६ ते १८७८ चा आणि शतकाच्या अखेरीचे दुष्काळ त्यांनी भोगले होते. त्यांच्या तोंडी जेव्हा टिळकांचे आनंदाचे पद येई, तेव्हा ते एका ब्राह्मण कवीच्या आत्मानुभवाचे निवेदन राहत नसे. ते आमंत्रण होई. एका सतरंजीवर बसून एका टाळावर गाणे हीच त्या आनंदाची वस्तुस्थिती होती, आणि पदाचे शब्द तिच्या मानाने दुय्यम होते. कागदावर सोपी वाटणारी काही भजने त्या मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली, यातील मर्म हे असावे. मात्र ते त्या गाण्याचे यश आहे, कवितेचे तेवढे नव्हे.

टिळकांच्याच घरात आनंदाचा आणखी एक कवी वाढत होता. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणावर टिळकांची दृष्टी गेली आणि पुढे बालकवी त्यांच्या घरी नगरला राहिले. आनंद हा शब्द ज्याच्या नावाशी मराठी वाचकाने कायमचा जोडला आहे असा हा कवी. त्याचा आनंद निसर्गातून येई आणि निसर्गासारखाच तो निघूनही जाई. का जातो हे सांगता येत नाही, अशा उदासीनतेची कविताही त्यानेच लिहिली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. पुढच्याच वर्षी, ९ मे रोजी, टिळकही गेले. या दोन कवींची तुलना करताना पुष्कळदा बालकवींच्या आनंदाला शुद्ध आणि टिळकांच्या आनंदाला प्रचारकी म्हटले जाते. मला हे पटत नाही. बालकवींचा आनंद अधिक सुंदर आहे याबद्दल दुमत नसावे. परंतु त्याच्या सौंदर्यातच त्याची क्षणभंगुरता आहे, आणि स्वतः बालकवींना ती इतरांहून अधिक जाणवली. टिकण्याचा प्रश्न त्यांच्या कवितेने विचारला आणि तो तसाच उघडा ठेवला.

आता 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात आनंदावर प्रवचन नाही. धर्मांतराची कथा सांगणारी पुस्तके बहुधा आधीचा अंधार आणि नंतरचा प्रकाश अशी दोन दालने पाडतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाला अशी भिंत नाही. विनोद पहिल्या पानांपासून आहे आणि तो शेवटपर्यंत तसाच वाहतो. यावरून असा आक्षेप निघू शकतो, आणि तो वजनदार आहे, की हा आनंद लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा आहे, ख्रिस्तश्रद्धेचे फळ नव्हे. मनमोकळी, हजरजबाबी बाई कोणत्याही धर्मात हसतीच.

या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य करावा लागतो. परंतु विनोद तोच असला तरी त्याचा विषय कसा पालटत जातो, हे पाहावे. पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या वडिलांचे सोवळे आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांना विटाळाचे भय जडले. घरात येणारी वस्तू धुतल्यावाचून आत यावयाची नाही. हे सारे इतक्या गमतीने सांगितले आहे की वाचक हसत सुटतो, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की हे घर भयाने चालले आहे. बायका, मुले, भांडी, धान्य, सारे एका अदृश्य अपराधाची शिक्षा भोगत आहेत. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई पंढरपूरला आप्तांकडे राहिल्या. त्या काळातील शोकाचे वर्णन त्यांनी आवरून केले आहे. त्याच दुःखात त्यांच्या हातून पद्यरचना होऊ लागली. पुढे पतीजवळ राहावयास आल्यावरही सोवळे सुटले नव्हते. ते सुटले ते उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला, आणि तो सुटताच त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा १९०० साली, पतीनंतर पाच वर्षांनी झाला.

या प्रसंगात आनंदाचे नावही न घेता आनंदाची जी व्याख्या झाली आहे ती टिळकांच्या डझनभर भजनांत सापडत नाही. आनंद म्हणजे भय जाणे. आणि भय गेल्याची खूण म्हणजे दार उघडे राहणे. पुस्तकाच्या उत्तरार्धात टिळकांचे घर अनाथ मुले, विद्यार्थी, रोगी, पाहुणे आणि उपटसुंभ यांनी भरलेले आहे. प्लेगच्या दिवसांत ज्यांच्या जवळ जावयास सख्खे नातलग भितात त्यांच्या उशाशी ही बाई बसते. टिळकांच्या बेहिशेबी औदार्याने घरात दुसऱ्या दिवशीचे धान्य नसते आणि लक्ष्मीबाई त्यावर चिडतात, मनापासून चिडतात. त्यांचा त्रागा लिहिताना त्यांनी त्याला भक्तीचा मुलामा दिलेला नाही. पूर्वीचा विनोद दुसऱ्याच्या भयावर होता. आता तो स्वतःच्या वैतागावर आहे. स्वभाव तोच राहिला, पण त्याला आता लपविण्यासारखे काही उरले नाही. माझ्या मते आक्षेपाला हेच उत्तर आहे. श्रद्धेने लक्ष्मीबाईंना नवा स्वभाव दिला नाही. बालपणीच्या घरात जो हसू धजत नव्हता त्या स्वभावाला तिने मोकळीक दिली.

काळाच्या अंतराचा मुद्दा येथे निर्णायक ठरतो. लक्ष्मीबाई लिहीत आहेत तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे होत आली आहेत. वैधव्यात कराचीपर्यंतचे फेरे होऊन गेले आहेत. अपत्यांचे मृत्यू मागे आहेत. आणि लिहिणाऱ्या हाताला जोडाक्षरांची सवय अजूनही नीट झालेली नाही. एवढ्या अंतरावरून पतीचे विक्षिप्तपण, घरातून नाहीसे होणे, रागलोभ हे सारे आठवताना त्या हसतात. त्या हास्यात विसर नाही, कारण तपशील एकही गळलेला नाही, सूड नाही, आणि विशेष म्हणजे समर्थनही नाही. पाच वर्षांची ताटातूट ही ईश्वराची योजना होती, असे म्हणून त्यांनी तिच्यातील वेदना कमी केलेली नाही. वेदना वेदनाच राहते आणि आनंद तिच्या शेजारी बसतो. फिलिप्पैच्या पत्रात, प्रसववेदनांच्या दृष्टांतात जी घडण आपण पाहिली, ती मराठीत कोठे अवतरली असेल तर येथे.

रमाबाईंच्या साक्षीशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या लहानशा आत्मनिवेदनाच्या शीर्षकातच अक्षय ठेव्याचा उल्लेख आहे. १८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा घेऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळावयास पुढे सुमारे आठ वर्षे लागली, असे त्या प्रांजळपणे सांगतात. त्या मधल्या वर्षांची कबुली हीच त्या निवेदनाची ताकद आहे. कथनाने काळ आत घेतला की आनंदाच्या शब्दाला वजन येते, हे येथेही दिसते. फरक इतकाच की रमाबाईंचे लेखन साक्ष देण्यासाठी आहे आणि त्यामुळे ते सिद्धान्ताकडे धाव घेते. लक्ष्मीबाईंना कोणाला काही पटवावयाचे नव्हते.

टिळकांनी आरंभिलेल्या 'ख्रिस्तायना'विषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. दहा अध्याय पुरे करून अकराव्याला हात घातला असतानाच ते गेले. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि ग्रंथ १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या मृत्यूवर आणि पुनरुत्थानावर ख्रिस्ती आनंद उभा आहे ते कथाभाग जन्मभर आनंदाची भजने रचणाऱ्या कवीच्या वाट्याला आलेच नाहीत. ते त्यांच्या पत्नीने लिहिले. हे अध्याय तिच्या गद्यासारखे झाले नाहीत, हे मात्र कबूल केले पाहिजे. ओवीची चाकोरी, पतीच्या ग्रंथाविषयीचा आदर आणि विषयाचे गांभीर्य यांनी तिची वाणी बांधली गेली. जी बाई स्वतःच्या घरातील मरणे सांगताना हसू विसरत नाही, ती येथे फार जपून बोलते. रिकाम्या थडग्याशी पहाटे प्रथम पोचल्या त्या स्त्रियाच होत्या आणि त्यांचे म्हणणे शिष्यांना प्रथम वेडगळ वाटले, असे लूक सांगतो. हा प्रसंग 'स्मृतिचित्रे'च्या लेखिकेने तिच्या गद्यात लिहिला असता तर तो कसा झाला असता, असा विचार ती ओवीबद्ध पाने उलटताना वारंवार मनात येतो.